शेजारी बसणाऱ्याला वाटलेला वेग

विमल,

जेवणाच्या टेबलाला आवळून लावलेलं ते खेळाचं स्टीअरिंग गौरी काल काढायला निघाली होती. पाहुणे गेले, मांडववाल्याची भांडी परत गेली, सतरंज्या झटकून झाल्या, आणि तिला टेबल मोकळं हवं होतं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "बाबा, मग ताटं कुठं घ्यायची?" मी म्हटलं, मांडीवर. आपली मुलगी अलीकडे अगदी तुझ्यासारखी बघते माझ्याकडे, एक भुवई वर करून. पण काढायची थांबली.

तुझं माहेर कुठलं, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते पेपरात फोटोसकट छापून आलं आहे, आणि त्या फोटोत तू फोटोग्राफरवर वैतागलेली दिसतेस. मला एकाच गोष्टीचा निकाल लावायचा आहे. आपल्या घरात, तुझ्या माहेरी दिंडोरीला, माझ्या भावंडांत, सगळीकडे एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे, की विमलला वेगाचा अंदाज नाही. कुणी गाडी घेतली, कुणाचं लायसन निघालं, की ही गोष्ट निघायची आणि तूही हसायचीस. ती गोष्ट मी पसरवली. ती खोटी आहे. आता तू उलटून काही म्हणू शकत नाहीस, म्हणून नव्हे, तर मी अजून म्हणू शकतो, म्हणून लिहितो आहे.

माझी ड्रायव्हिंग स्कूल होती हे तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. गंगापूर रोडला एक गाळा, बाहेर पाटी, आणि शिकवणीची पांढरी गाडी. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की शिकवणाऱ्याने आपला पाय टाकायचा. यात एक गंमत आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. नवीन माणसाला बऱ्याचदा कळतच नाही की आपण गाडी थांबवली की शेजाऱ्याने. गाडी छान थांबली तर त्याला वाटतं, जमलं. धक्का खाऊन बंद पडली तर वाटतं, आपलंच चुकलं. आम्ही मास्तर मंडळी त्याचा फायदा घ्यायचो. कौतुक करून विद्यार्थी टिकवायचा, आणि फार शहाणा व्हायला लागला तर हळूच पाय टाकून त्याला जमिनीवर आणायचं. सगळेच करायचे. मी त्याला शिकवणं म्हणायचो.

तू कच्चं लायसन काढलंस ते माझ्या मागे लागून. गौरी तेव्हा बालवाडीत होती. सकाळी तिला सोडून आपण मेरी संस्थेच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यांवर जायचो. तू पदर खोचून बसायचीस आणि आरसा आधी स्वतःकडे वळवून कुंकू बघायचीस, मग रस्त्याकडे. मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "अहो, आरसा आहे ना? मग एकदा माणसालाही बघू दे की." गिअर तुला दोन सकाळींत आले. मी ते कुणाला सांगितलं नाही.

आणि मग तो दिंडोरीचा दिवस. तुझ्या वडिलांनी बागेत द्राक्षं उतरवायला घेतली होती. तू म्हणालीस, आज मी नेते गाडी माहेरी. मी शेजारी बसलो, गौरी मागे. म्हसरूळ सुटलं तशी तू बोलायला लागलीस. माझ्याशी, गाडी चालवता चालवता! शिकणारे बोलत नाहीत, विमल. ते स्टीअरिंग दोन्ही हातांनी गळा धरल्यासारखं धरतात, श्वास रोखतात. त्यांची भीती मला पुरायची, त्यामुळे माझी मला कधी काढावी लागली नाही. तू मात्र ओट्यावर बसल्यासारखी माझ्या बहिणीची चौकशी करत होतीस, खिडकीवर कोपर टेकवलं होतंस, आणि पुढे तो ढकांब्यानंतरचा सरळ रस्ता आला. दोन्हीकडे बाभळी जवळ आलेल्या. मी दाराची मूठ धरली. मला वाटलं आपण सत्तरच्या पुढे आहोत. तुझ्या बागेच्या फाटकात तुझे वडील, तुझा भाऊ दिनू, तोडणीच्या बायका, सगळे हात करत उभे दिसले, आणि तू सफाईने वेग उतरवायला घेतलास. तेवढ्यात माझा पाय पडला.

गाडी हिसका खाऊन बंद झाली. गौरी पुढच्या सीटवर आपटली आणि रडायला लागली. मागून येणारा कांद्याचा ट्रॅक्टर कसाबसा थांबला आणि त्याने जे काय म्हणायचं ते म्हटलं. सगळ्यांसमोर. तू आपल्या पायांकडे बघत होतीस. मी मीटरकडे बघितलं नसतं, तर माझ्या आठवणीत तो आकडा नसता. पण तू वेग उतरवायला घेण्याच्या क्षणी माझी नजर तिथं गेली होती. काटा चाळीसच्या खाली होता.

तू विचारलंस, "माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "तुला वेगाचा अंदाज नाही."

दिनूने ते फाटकातून ऐकलं. तो तेव्हा मिसरूड फुटलेला, तुझ्यापेक्षा लहान, त्याला असं काहीतरी हवंच होतं. "आक्काला येगाचा अंदाज नाय!" तो दिवसभर द्राक्षाच्या ओळीओळीतून ओरडत फिरला. बायका हसल्या, तुझे वडील हसले, मीही हसलो. परत येताना तू गौरीला मांडीवर घेऊन मागे बसलीस. पक्कं लायसन तू काढलं नाहीस, आणि मी कधी म्हटलं नाही की काढ.

एवढंच झालं. लोक म्हणतील, यात काय मोठं. पण तू नंतर किती ठिकाणी जायची राहिलीस ते मी बघितलं आहे. तुझी आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तू रोज दोन बस बदलून दिंडोरीला जायचीस. आणि आपल्या दारात घरची गाडी उभी असायची, कारण मी गाळ्यावर असायचो. मी ते बघत होतो. तुला सोडायला मला वेळ नाही याची मला खंत वाटायची. तू स्वतः जाऊ शकली असतीस याची खंत मी करून घेतली नाही. ती सोयीची नव्हती.

गौरी नवऱ्याला घेऊन परत नाशिकला राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात तो टीव्हीला जोडायचा गाडी पळवायचा खेळ आला, स्टीअरिंग आणि पेडलसकट. मला तो डोळ्यांसमोर नको होता. गाळा बंद करून मी नुकताच घरी बसलो होतो, आणि आयुष्यभर रस्त्यावर शिकवलेली गोष्ट दिवाणखान्यात खेळण्यासारखी मांडलेली मला बघवेना. पेडल पायाखालून सरकू नयेत म्हणून तू त्यांच्या मागे देवघरातला जुना पाट टेकवलास, हे बघून तर मी उठूनच गेलो.

तू खेळायला लागलीस ते दुपारच्या मालिकेची जागा म्हणून. गौरीने तुला एक बटण दाखवलं. दाबलं की बघण्याची जागा बदलते. एकदा गाडीच्या मागून वरून, एकदा ड्रायव्हरच्या जागेवरून, एकदा थेट बंपरपासून, रस्त्याला नाक लावल्यासारखं. तू स्वयंपाकघरात येऊन मला हाताला धरून नेलंस.

"बघा. गाडी तीच, रस्ता तोच, आकडा शंभरच. वरून बघितलं तर बैलगाडी. आता खाली घेते. बघा, कशी पळते!"

"पळत नाही. पळाल्यासारखी वाटते."

"तेच म्हणते मी."

"आकडा बदलला का? नाही ना? मग वेग बदलला नाही."

"आकडा पोलिसांसाठी असतो. चालवणाऱ्याला वाटणंच असतं."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि खरं सांगतो, लग्नानंतर आपण एवढं कशावरही मनापासून भांडलो नव्हतो. मी म्हणायचो, हा खेळ म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. वेग वाढला की मुद्दाम कडा धूसर करतात, वाऱ्याचा आवाज चढवतात, चित्र थोडं थरथरवतात, रस्ता कडेने ताणतात. खऱ्या गाडीत वेग पाठीला कळतो, सीट मागून ढकलते, वळणावर पोट एका बाजूला जातं. तू म्हणायचीस, "टीव्हीसमोर पाठीला काही कळत नाही, म्हणून बिचारे डोळ्यांना आणि कानांना जास्त वाढतात. उपासाला धान्य नाही तर बटाटा जास्त, तसं." मी म्हणायचो, बटाट्याला धान्य म्हणू नये. तू म्हणायचीस, "भूक भागते ना?"

एक दिवस तू मला वेगाचं एक सांगितलंस. म्हणालीस, "लहानपणी बाबांच्या ट्रॅक्टरवर मडगार्डवर बसायचे मी. फवारणीला ओळीत शिरला की वाटायचं उडतोय आपण. दोन्हीकडे खांब, खांब, खांब, आणि पानं कानाला लागतात. ओळीतून बाहेर रस्त्यावर आलो की बाबा दुप्पट पळवायचे, आणि मला कंटाळा यायचा. वेग गाडीत नसतो हो. कडेला काय आहे आणि किती जवळ आहे, त्यात असतो." मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो की महामार्गावर शंभर कळत नाही आणि पंचवटीच्या गल्लीत तीस अंगावर येतात, म्हणून मीटर बघा. पण का कळत नाही, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तू सहज सांगून कांदा चिरायला गेलीस.

आणि चालवायचीस काय! आधी वळणावर बाहेर जायचीस, गवतात, भिंतीवर. मी बाजूच्या खुर्चीवरून ओरडायचो, "ब्रेक! ब्रेक!" माझा उजवा पाय खरोखर फरशीवर दाबला जायचा. तू वळून न बघता म्हणायचीस, "तिकडं ब्रेक नाही. बसा गप." गौरी हसायची. मीही हसायचो, आणि माझा पाय मी खुर्चीखाली घ्यायचो.

पुढे पुढे तू भिंतीला लागेनाशी झालीस. वळणाच्या आधी वेग उतरवायचीस आणि वळणाच्या मध्यावरून पुन्हा चढवायचीस. हे मी मुलांना शिकवता शिकवता घसा बसवला होता. तुला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तू सावकाश नव्हतीस, विमल. जावयाला तू रोज हरवायचीस, आणि तो बिचारा मुंबईचा, आयुष्यभर असले खेळ खेळलेला.

मग तू तो प्रयोग काढलास. म्हणालीस, "आकडा झाकू. मग ओळखायचं." टीव्हीच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा येतो, तिथं तू दिनदर्शिकेचा मागचा महिना फाडून चिकटवलास. तू चालवायचीस आणि मध्येच गौरी म्हणायची, आता! आपण दोघांनी आकडा सांगायचा, मग ती कागद उचलायची. तुझा आकडा दर वेळी खऱ्याच्या जवळ, थोडा कमी. माझा दर वेळी जास्त. कधी कधी लाज वाटण्याइतका जास्त. मी म्हणालो, चष्म्याचा नंबर बदललाय. तू म्हणालीस, मग जागा बदलू. मी चालवायला बसलो, तू खुर्चीवर. आणि विमल, माझा आकडा जवळ यायला लागला, तुझा वाढला. तू टाळी वाजवलीस.

"बघितलं? शेजारी बसलं की वाढतो! हातात स्टीअरिंग असलं की वेग आपला असतो. नसलं की तो आपल्यावर चालून येतो."

तिथं स्टीअरिंगपाशी, दुपारच्या उन्हात, मला दिंडोरीचा सरळ रस्ता दिसला. बाभळी दिसल्या. तिथं वाटलेला तो वेग नेमका कुठला होता ते मला समजलं. वेग सत्तरचा नव्हता. तो शेजारच्या सीटचा होता. तुला अंदाज नव्हता असं नाही. मला नव्हता. आणि रोज शेजारी बसणं हाच माझा धंदा होता. तरी मला हे कळायला तुझा खेळ लागला.

तू माझ्याकडे बघत होतीस. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "डोळे दुखायला लागले. चहा टाक."

तू चहा टाकलास.

गौरी मला म्हणते, "आईला माहीतच असणार, बाबा." असं म्हटलं की मुलांना बरं वाटतं. मी ते घेणार नाही. तुला कदाचित माहीत होतं, कदाचित नव्हतं. मी सांगितलं नाही, एवढंच नक्की आहे. तुझ्या कळण्यावर माझं न सांगणं माफ करून घेणं म्हणजे पुन्हा एकदा तुझ्याकडूनच काम करून घेणं झालं.

शेवटी अॅम्ब्युलन्समध्ये मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू आडवी, वर फक्त तो पांढरा दिवा. तू मास्क जरा बाजूला करून विचारलंस, "किती असेल हो?" मला वाटलं ताप विचारतेयस. मग कळलं. मी खिडकीला लावलेल्या हिरव्या कागदातून काही दिसतंय का बघितलं. काही दिसत नव्हतं. सायरन एवढा मोठा होता, मी म्हणालो, "साठ तरी आहे."

"छे. आडवं झोपलं की वेग कळत नाही, वळणं कळतात. पण तीसच्या वर नाही हा."

दवाखान्यापाशी उतरताना मी ड्रायव्हरला विचारलंच. तो म्हणाला, "कसले साठ, काका? द्वारका चौकाच्या गर्दीत पंचवीसही मिळाले नाहीत." मी आत येऊन तुला ते सांगणार होतो. तुला फार आवडलं असतं. तोवर त्यांनी पडदा ओढला होता.

आता तेराव्याचं सांगतो, कारण ते तुझ्या माघारी झालं आणि तुला कळायला हवं.

जेवणं उरकली होती. दिनू ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्याचेही आता केस पांढरे झालेत, बागेत ट्रॅक्टरवर बसून फवारणी करता करता कानाला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलतो. सगळ्यांना तुझं काहीतरी बोलायचं होतं आणि कुणाला सुरुवात जमत नव्हती. दिनूने जमवली. "आमच्या आक्काला लय हौस व्हती गाडीची," तो म्हणाला, "पण दाजींनी एकदा शेजारी बसून बघितलं अन् देव आठवला त्यांना! येगाचा अंदाजच नाय!" सगळे हसले. डोळे पुसत हसले. वाईट कुणीच नव्हतं त्यात. ते प्रेमच होतं.

मी म्हणालो, "दिनू, ते खोटं आहे."

तो म्हणाला, "आँ?"

मला ते मोठ्याने सांगावं लागलं, त्याच्या कानामुळे. साऱ्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. की गाडी तिने बंद पाडली नव्हती. ब्रेक मी दाबला. काटा चाळीसच्या खाली होता आणि ती थांबायलाच आली होती. घाबरलो मी, आणि नाव तिचं घेतलं. मग ते नाव तिला आयुष्यभर वापरायला दिलं.

दिनूची सुपारी हातात राहिली. "पण दाजी, आपण तर... मी तर सगळ्या गावाला सांगितलं ना वं ते. गौरीच्या लग्नातल्या लोकांना, पोरांना, सुनांना. लय वेळा."

"मीच सांगितलं म्हणून तू सांगितलंस."

"मग येवढं दिस बोलला का नाय तुम्ही?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं. म्हणालो, लाज. मास्तर माणूस, बायकोशेजारी बसून सरळ रस्त्यावर घाबरला, हे गाळ्यावर कळलं असतं तर कोण शिकायला आलं असतं? पहिल्या दिवशी ती लाज होती. नंतर सवय झाली. सवयीला लाजेइतकंही कारण लागत नाही.

माझी बहीण आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, कारण अशा वेळी आपल्याकडे पाणीच आणतात. मग दिनूची बायको, सुमन, जी कधी माझ्यापुढे मोठ्याने बोलत नाही, ती म्हणाली, "आक्कांनी सगळ्यांना सांभाळलं तशी गाडीबी सांभाळूनच चालवली असती." दिनूने लगेच मान हलवली. "हां. सावकाश, कुणाला धक्का न लावता. आक्का तशीच व्हती."

सगळ्यांना ते पटलं. ऐकायलाही चांगलं होतं. एक चुकीची गोष्ट काढून लोक लगेच तिथं दुसरी, मऊ गोष्ट ठेवायला निघाले होते, आणि मी होकार दिला असता तर पुढची पन्नास वर्षं ती चालली असती. मला तुझा चेहरा दिसला, टीव्हीच्या उजेडात, दातांत पदराचं टोक धरलेलं, शेवटच्या वळणातून गाडी बाहेर काढतानाचा.

मी म्हणालो, "नाही. सावकाश नाही. ती जोरात चालवायची. तुम्ही कुणीही शेजारी बसला असता तर घाबरला असता. आणि तिने तुम्हाला वेळेवर, सुखरूप पोचवलं असतं."